सिडनी कॉटन : बंदुका उतरवणारा आणि बंदुका वाहणारा वैमानिक

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. गावोगावी ध्वजवंदन होते, हुतात्मा स्मारकांवर पुष्पचक्रे वाहिली जातात. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ यांच्यापासून गावपातळीवरील अनाम सत्याग्रहींपर्यंत अनेकांचे स्मरण केले जाते. या संग्रामाच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे निजामाच्या बाजूला, एक परदेशी नावही होते. फ्रेडरिक सिडनी कॉटन. या ऑस्ट्रेलियन वैमानिकाचे नाव मराठी वाचकाला फारसे परिचित नाही. हैदराबादच्या इतिहासात ते शस्त्रांची चोरटी वाहतूक करणारा सौदागर म्हणून येते. विसाव्या शतकातील लष्करी विमानविद्येच्या इतिहासात मात्र त्याचे स्थान फार वरचे आहे. ज्या माणसाने युद्धाला आकाशातून पाहायला शिकवले, तोच माणूस काही वर्षांनी निजामाच्या दारी बंदुकांची खेप घेऊन उभा राहिला. त्याच्या आयुष्यातील ही दोन टोके एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्याखेरीज त्याचे मोल कळत नाही आणि मर्यादाही कळत नाहीत.

कराचीपासून बिदरपर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती बीड जिल्ह्यावरून जाते. गेवराई तालुक्यातील चकलांब्याचा परिसर या रेघेच्या लगत येतो. १९४८ मध्ये हा सारा मुलूख निजामाचा होता. पश्चिमेला नगर जिल्हा लागला की मोगलाई संपत असे आणि मुंबई प्रांत सुरू होत असे. स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते सरहद्दीपलीकडे नगर, सोलापूर या जिल्ह्यांतून छावण्या चालवत होते. अलीकडच्या गावांवर रझाकारांचे सावट होते. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या या भागात रात्री कंदील विझले की सगळीकडे अंधार पसरे. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात कराची आणि बिदर यांच्या दरम्यान रात्री चार इंजिनांची अवजड विमाने ये-जा करत होती. त्या विमानांचा सूत्रधार सिडनी कॉटन होता.

कॉटनचा जन्म १७ जून १८९४ रोजी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात, बोवेन गावाजवळच्या गूरगंगा नावाच्या पशुपालन केंद्रावर झाला. वडील मोठे पशुपालक होते. मैलोन्‌मैल पसरलेली कुरणे, यंत्रे हाताळण्याची सवय आणि कोणाचा हुकूम मुकाट्याने न ऐकण्याचा स्वभाव या गोष्टी त्याला लहानपणीच मिळाल्या. १९१० मध्ये कुटुंब इंग्लंडला गेले आणि सिडनीला चेल्टनहॅम येथील महाविद्यालयात घालण्यात आले. दोन वर्षांनी तो ऑस्ट्रेलियास परतला आणि न्यू साउथ वेल्समधील कुरणांवर उमेदवारी करू लागला. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा विमानाचा शोध लागून अवघी अकरा वर्षे झाली होती. पुढील वर्षी कॉटन पुन्हा इंग्लंडला गेला आणि रॉयल नेव्हल एअर सर्व्हिस या ब्रिटिश नौदलाच्या हवाई शाखेत दाखल झाला. त्या काळी प्रशिक्षण अगदीच तोकडे असे. एकट्याने केवळ काही तासांचे उड्डाण केलेल्या तरुणांना लढाईवर पाठवले जाई. कॉटनही अशाच तरुणांपैकी एक होता.

त्या काळातील विमानांना वरून छत नसे. दर एक किलोमीटर उंचीला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. त्यात समोरून येणारा वारा अंगातील ऊब हिरावून नेई. चार-पाच किलोमीटर उंचीवर हिवाळ्यात बोटे बधिर होत आणि चेहऱ्याची कातडी फाटत असे. मशिनगनचा घोडा ओढण्याचेही त्राण उरत नसे. शत्रूच्या गोळीइतकेच थंडीचेही भय होते. १९१६ च्या हिवाळ्यात एके दिवशी कॉटन इंजिनाची दुरुस्ती करत असताना अचानक उड्डाणाचा हुकूम आला. तेलाने आणि ग्रीसने माखलेला कामाचा डगला बदलण्यास वेळ नव्हता. तो तसाच विमानात बसला. परतल्यावर सहकारी थंडीने काकडत होते, कॉटनला मात्र विशेष त्रास झाला नव्हता. त्याने कारण शोधले. तेल आणि ग्रीस यांनी कापडाची वीण बुजवली होती, त्यामुळे वारा आत शिरत नव्हता आणि अंगाची ऊब बाहेर जात नव्हती.

या एका निरीक्षणावरून त्याने लंडनमधील कपडे तयार करणाऱ्या पेढीकडून एक नवा पोशाख शिवून घेतला. आत फरचे अस्तर, मध्ये हवा न जाऊ देणाऱ्या रेशमाचा थर आणि बाहेर घट्ट विणीचे कापड, अशी त्याची रचना होती. गळा आणि मनगटे बंद होत. सिडनी आणि कॉटन या दोन नावांतील अक्षरे जोडून त्याला सिडकॉट सूट हे नाव पडले. ब्रिटिश वैमानिकांनी तो पुढे अनेक वर्षे वापरला. कॉटनच्या बुद्धीचे वैशिष्ट्य या पहिल्याच शोधात दिसते. तो प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ नव्हता. सर्वांना दिसलेली पण कोणी दखल न घेतलेली गोष्ट हेरून तिचा उपयोग करून घेणे, ही त्याची खुबी होती. तितकाच ठळक त्याचा दोषही होता. वरिष्ठांशी त्याचे पटत नसे. ऑक्टोबर १९१७ मध्ये मतभेदांमुळे त्याने नौदलाच्या सेवेचा राजीनामा दिला.

दोन महायुद्धांमधल्या काळात कॉटनने अनेक उद्योग केले. न्यूफाउंडलंडच्या गोठलेल्या किनाऱ्यावर विमानाने टपाल पोहोचवले, सील शिकाऱ्यांना बर्फावरील कळपांचा ठावठिकाणा आकाशातून शोधून दिला. पैसा मिळवला आणि गमावलाही. १९३० च्या दशकात तो ड्यूफेकलर या रंगीत फिल्मच्या व्यवसायात शिरला. वरवर पाहता या उद्योगांचा एकमेकांशी संबंध नव्हता. तरीही विमान आणि छायाचित्रण या दोन्ही विषयांची जाण असलेला, युरोपभर व्यापारी ओळखी असलेला आणि धाडसाची हौस असलेला माणूस यातून घडला. ब्रिटिश गुप्तहेर खात्याला नेमक्या अशाच माणसाची गरज होती.

१९३८ च्या अखेरीस युरोपवर युद्धाचे ढग जमले होते. जर्मनी कोणते तळ बांधत आहे, विमाने कोठे ठेवत आहे, याची माहिती हवी होती. ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या हवाई विभागाचे प्रमुख फ्रेड विंटरबॉथम यांनी कॉटनला गाठले. व्यापारी पेढीच्या नावाने लॉकहीड १२-ए हे लहान प्रवासी विमान घेण्यात आले. त्याच्या तळाशी कॅमेरे दडवण्यात आले आणि त्यांच्या खिडक्या सरकत्या झडपांनी झाकण्यात आल्या. सोबतीला बॉब निव्हन हा कॅनडाचा तरुण वैमानिक होता. उंचीवर गेल्यावर कॅमेऱ्याच्या भिंगांवर दव साचून गोठे आणि चित्रे धूसर येत, ही त्या काळातील मोठी अडचण होती. विमानातील ऊबदार हवा भिंगांवरून वाहील अशी व्यवस्था करून ती दूर करण्यात आली.

१९३९ च्या उन्हाळ्यात या विमानाने भूमध्य समुद्राच्या परिसरातील इटालियन तळांची चित्रे घेतली. कॉटन जर्मनीतही व्यापारी म्हणून मोकळेपणाने वावरत असे. त्या जुलैत फ्रँकफर्टला विमानांचा मेळावा भरला असताना जर्मन हवाई दलाचे सेनानी आल्बर्ट केसेलरिंग यांना त्याने आपल्या विमानातून ऱ्हाइन नदीवर फेरफटका मारून आणला आणि त्याच वेळी खालचे कॅमेरे चालू होते, अशी हकिगत कॉटनने पुढे सांगितली. ऑगस्टच्या अखेरीस, युद्ध अवघ्या काही दिवसांवर आलेले असताना, तो बर्लिनहून निघाला. परतीच्या वाटेवर त्याने जर्मन आरमाराच्या नौकांचीही चित्रे टिपली.

युद्ध सुरू झाले आणि ब्रिटिश हवाई दलाची उणीव लगेच उघडी पडली. छायाचित्रे घेण्यासाठी पाठवली जाणारी ब्लेनहाइम विमाने संथ होती. शत्रूच्या लढाऊ विमानांना ती सहज सापडत. उंचावर गेली तर कॅमेरे गोठत. हॉलंडच्या किनाऱ्यावरील काही ठिकाणांची चित्रे हवाई दलाला मिळत नव्हती. कॉटनने कोणाचीही परवानगी न घेता आपले नागरी विमान नेऊन ती आणली. अधिकाऱ्यांना त्याच्या उद्धटपणाचा राग आला, परंतु चित्रे टेबलावर होती. सप्टेंबर १९३९ मध्ये त्याला हवाई दलात हुद्दा देऊन लंडनजवळच्या हेस्टन विमानतळावर एका छोट्या तुकडीचे प्रमुखपद देण्यात आले. पुढे हीच तुकडी फोटोग्राफिक डेव्हलपमेंट युनिट म्हणून ओळखली जाऊ लागली.

येथे कॉटनने आपल्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचे काम केले. ती कल्पना त्याच्या एकट्याची नव्हती. मॉरिस लाँगबॉटम या तरुण अधिकाऱ्याने ऑगस्ट १९३९ मध्ये एक टिपण लिहिले होते. टेहळणी विमानाने लढण्याच्या फंदात पडू नये, त्याने इतक्या वेगाने आणि इतक्या उंचीवरून जावे की शत्रूला ते गाठताच येऊ नये, असा त्याचा आशय होता. त्यासाठी सर्वांत वेगवान लढाऊ विमान घ्यावे आणि त्यावरील शस्त्रे काढून टाकावीत. कॉटनने लाँगबॉटमला आपल्या तुकडीत घेतले आणि ही कल्पना प्रत्यक्षात आणण्यासाठी सारे वजन खर्च केले. लढाऊ विमान दलाचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांच्याकडे स्पिटफायर विमाने आधीच अपुरी होती. तरीही कॉटनने त्यांच्याकडून दोन विमाने मिळवली.

स्पिटफायरच्या पंखांतील आठही मशिनगन उतरवण्यात आल्या. बंदुकांची भोके बुजवून सांधे भरण्यात आले आणि पृष्ठभाग घासून गुळगुळीत करण्यात आला. आकाशात मिसळून जाईल असा फिकट रंग देण्यात आला. बंदुकांच्या जागी पंखांत कॅमेरे बसले. या साऱ्यामुळे विमान हलके झाले आणि ताशी तीसेक मैलांनी वेगवान झाले. वजन वाचल्यामुळे पुढे जादा इंधनाच्या टाक्या बसवता आल्या. १८ नोव्हेंबर १९३९ रोजी लाँगबॉटमने फ्रान्समधील सेक्लां तळावरून अशा विमानाचे पहिले टेहळणी उड्डाण केले. विमान जमिनीपासून सुमारे दहा किलोमीटर उंचीवर होते आणि वैमानिकाजवळ स्वसंरक्षणासाठी एकही गोळी नव्हती.

त्या काळच्या लष्करी मनाला हे पटवणे सोपे नव्हते. ब्रिटनला लढाऊ विमानांची चणचण असताना त्यांतील दोन विमानांच्या बंदुका काढून घेणे अनेकांना वेडेपणा वाटला. कॉटनचा हिशेब वेगळा होता. एका विमानाने पाडलेली शत्रूची दोन विमाने आणि त्याच विमानाने आणलेली शत्रूच्या पन्नास विमानतळांची चित्रे यांची तुलना होऊ शकत नाही, हे त्याला कळले होते.

चित्रे आणणे हे अर्धेच काम होते. दहा किलोमीटर उंचीवरून घेतलेल्या चित्रात जहाज टाचणीएवढे दिसे. हवाई दलाकडे असे चित्र वाचण्याची साधने नव्हती. वेम्बली येथील एअरक्राफ्ट ऑपरेटिंग कंपनी या खाजगी संस्थेजवळ नकाशे तयार करण्याचे स्विस बनावटीचे अचूक यंत्र होते. कॉटनने नियम बाजूला सारून आपली चित्रे तिकडे पाठवली. एकाच जागेची, थोड्या अंतराने घेतलेली दोन चित्रे विशिष्ट दुर्बिणीतून एकत्र पाहिली की सपाट चित्राला उठाव येतो, उंची आणि लांबी मोजता येते. त्यावरून गोदीतील युद्धनौका कोणती, ती किती तयार झाली, हे सांगता येऊ लागले. चित्रे घेणारे आणि ती वाचणारे यांची अशी सांगड प्रथमच घातली गेली.

हेस्टनचे काम भरभराटीस येत असतानाच कॉटनची गच्छंती झाली. जून १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव होत होता. त्या धांदलीत कॉटनने आपल्या हाताखालील विमानाचा खाजगी फायद्यासाठी उपयोग करण्याचा प्रयत्न केला, असे आक्षेप घेण्यात आले. त्याआधीच परवानगीविना केलेले खर्च, डावललेले अधिकारी आणि मोडलेले नियम यांची मोठी यादी तयार झाली होती. त्याला प्रमुखपदावरून दूर करण्यात आले. ज्या बेदरकारपणामुळे तुकडी उभी राहिली, त्याच बेदरकारपणामुळे तिच्या निर्मात्याला तिथून जावे लागले. १९४१ मध्ये त्याला ओबीई हा किताब मिळाला, परंतु त्याच्या हाती पुन्हा कोणतीही महत्त्वाची जबाबदारी आली नाही.

त्याने घालून दिलेली पद्धत मात्र टिकली आणि वाढली. मे १९४१ मध्ये बिस्मार्क ही जर्मन युद्धनौका नॉर्वेच्या किनाऱ्यावर आहे हे अशाच निःशस्त्र स्पिटफायरच्या छायाचित्रातून कळले. १९४३ मध्ये पेनेम्युंडे येथील जर्मन अग्निबाणांचे केंद्र हवाई चित्रांतून उघडकीस आले आणि ऑगस्टमध्ये त्यावर मोठा हल्ला करता आला. त्या हल्ल्यानंतरच्या एका चित्रात कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ या महिला अधिकाऱ्याने वैमानिकरहित उडता बाँब ओळखला. भारतीय हवाई दलानेही स्वातंत्र्यानंतर कॅमेरे बसवलेली निःशस्त्र स्पिटफायर विमाने वापरली. पुढे १९८१ ते २००६ या काळात बरेलीहून उडणारी मिग-२५ ही अतिउंचीवरील टेहळणी विमाने त्याच विचाराची पुढची पायरी होती. शस्त्र नको, वेग आणि उंची हेच कवच.

हैदराबादचा आणि हवाई युद्धाचा संबंध कॉटनच्या आधीपासूनचा होता. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांना विमानांसाठी देणगी दिली. त्यातून उभ्या राहिलेल्या ११० क्रमांकाच्या तुकडीला हैदराबादचे नाव मिळाले आणि १९१८ मध्ये तिने फ्रान्समधून जर्मनीवर बाँबफेक केली. दुसऱ्या महायुद्धात १५२ क्रमांकाची तुकडी हैदराबादच्या नावाने ओळखली गेली आणि १९४० मध्ये इंग्लंडवरील हवाई लढाईत तिची स्पिटफायर विमाने लढली. हा पैसा ज्या संस्थानातून जात होता, त्या संस्थानाच्या महसुलात मराठवाड्यातील ज्वारी आणि कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या साऱ्याचाही वाटा होता. त्या शेतकऱ्याला या विमानांची गंधवार्ता असण्याचे कारण नव्हते.

१५ ऑगस्ट १९४७ नंतर हैदराबादने भारतात विलीन होण्यास नकार दिला. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे आणि १ कोटी ६३ लाख लोकवस्तीचे हे संस्थान चहूबाजूंनी भारताने वेढलेले होते. त्याला समुद्रकिनारा नव्हता. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी एक वर्षासाठी जैसे थे करार झाला. तो झाल्यावरही निजाम सरकारने पाकिस्तानला २० कोटी रुपयांच्या रोख्यांचे कर्ज दिले. भारताने शस्त्रपुरवठा रोखला आणि आर्थिक नाकेबंदी आवळली. कासीम रझवीच्या रझाकार संघटनेने खेड्यापाड्यांत लूट, जाळपोळ आणि खून यांचे सत्र आरंभले. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. हजारो कुटुंबे घरदार सोडून सरहद्द ओलांडत होती.

याच सुमारास कॉटन हैदराबादेत आला. त्याचा मूळ हेतू भुईमुगाच्या व्यापाराचा होता. निजामाचे पंतप्रधान मीर लायक अली यांच्याशी त्याची भेट झाली आणि बोलणे भुईमुगावरून शस्त्रांवर गेले. संस्थानाला शस्त्रे हवी होती. जमिनीवरचे सारे मार्ग भारताच्या हाती होते. उरला तो आकाशाचा मार्ग. कॉटनने लँकास्ट्रियन विमाने मिळवली. महायुद्धात जर्मन शहरांवर बाँब टाकणाऱ्या लँकास्टर विमानाची ही वाहतुकीसाठी बनवलेली आवृत्ती होती. तिला मर्लिन जातीची चार इंजिने होती. नऊ वर्षांपूर्वी कॉटनने ज्या स्पिटफायरमधून बंदुका काढल्या, तिचे इंजिनही मर्लिन जातीचेच होते.

१९४८ च्या उन्हाळ्यापासून पोलीस कारवाईपर्यंत ही उड्डाणे चालली. कराची हा वाहतुकीचा तळ होता. सुमारे १३०० किलोमीटरचा पल्ला गाठून विमाने रात्रीच्या अंधारात बिदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरत, बंदुका, मशिनगन आणि दारूगोळा उतरवून उजाडण्यापूर्वी परतत. भारतीय हवाई दलाजवळ त्या वेळी रात्री असे विमान शोधून अडवण्याची पुरेशी साधने नव्हती आणि काश्मीरच्या आघाडीवर ते गुंतले होते. भारताने ब्रिटनकडे निषेध नोंदवला. वृत्तपत्रांत कॉटनचे नाव झळकू लागले. संकटात सापडलेल्या एका राज्याला आपण अन्न आणि औषधे पोहोचवत आहोत, अशी बतावणी त्याने केली. तथापि विमानांत काय आहे हे दिल्लीला, लंडनला आणि कराचीलाही ठाऊक होते.

वैमानिक म्हणून पाहिल्यास ही कामगिरी अवघड होती. पावसाळी ढगांतून, रात्री, तोकड्या सोयींच्या धावपट्टीवर अवजड विमान उतरवणे हे कौशल्याचे काम आहे. परंतु या शस्त्रांमुळे संस्थानात काय घडत होते, हा प्रश्न कॉटनला पडलेला दिसत नाही. बाहेरून शस्त्रे येत आहेत या बातमीने रझवीची भाषणे अधिक बेफाम झाली. निजामाच्या सल्लागारांचा तडजोडीचा कल कमी झाला. शस्त्रे हाती येतील, संयुक्त राष्ट्रसंघात प्रश्न नेता येईल आणि तोवर वेळ काढता येईल, ही आशा त्यांना वाटत राहिली. विमानांनी जितका दारूगोळा आणला, त्याहून अधिक घात या खोट्या आशेने केला. त्याची किंमत सरहद्दीवरच्या गावांनी मोजली.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे भारतीय सैन्य हैदराबादच्या हद्दीत शिरले. मुख्य चढाई सोलापूरकडून मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली झाली. नळदुर्ग पहिल्याच दिवशी हाती आला. पहिल्याच दिवशी पुण्याहून उडालेल्या टेंपेस्ट विमानांनी निजामाच्या धावपट्ट्यांवरही बाँबफेक केली. त्यात बिदरची आणि वरंगळची धावपट्टी होती. कॉटनचा मार्ग अशा रीतीने हवाई दलानेच बंद केला. दुसऱ्या बाजूने आलेल्या सैन्याने औरंगाबाद आणि जालना घेतले. निजामाच्या नियमित फौजेची संख्या सुमारे २२ हजार होती. तिच्याजवळ स्वतःचे लढाऊ हवाई दल नव्हते. रात्रीच्या खेपांतून आलेल्या बंदुका वापरण्याइतके प्रशिक्षण सर्वांना नव्हते आणि त्या बंदुकांसाठी मरावे असे वाटणारेही थोडेच होते. १७ सप्टेंबरला निजामाने युद्धबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी सेनाप्रमुख एल इद्रूस यांनी चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली.

या विजयाला एक काळी किनारही होती. त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यासह संस्थानाच्या अनेक भागांत मुस्लिम वस्त्यांवर सूडाचे हल्ले झाले. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज नोंदवला. तो अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. शस्त्रांचा बाजार ज्या वैराला खतपाणी घालतो, त्याचे पीक विक्रेता निघून गेल्यावर गावातल्या माणसांनाच कापावे लागते.

कॉटनवर लंडनमध्ये खटला भरण्यात आला. विमान वाहतुकीविषयक नियमांच्या भंगाबद्दल त्याला २०० पौंडांचा दंड झाला. लाखो पौंडांच्या सौद्यात उतरलेल्या माणसाला ही रक्कम किरकोळ होती. पुढची वर्षे त्याने पुन्हा निरनिराळ्या व्यवसायांत घालवली. पैसा आला तसा गेला. १३ फेब्रुवारी १९६९ रोजी वयाच्या ७४ व्या वर्षी इंग्लंडमध्ये त्याचे निधन झाले. इयान फ्लेमिंग हे त्याच्या परिचयाचे असल्याने जेम्स बाँड या पात्रात त्याची छटा असावी, असे काही जण मानतात. ही ओळख आकर्षक असली तरी त्याच्यावर अन्याय करणारी आहे. त्याचे खरे काम कादंबरीपेक्षा मोठे आणि खरे अपयश कादंबरीपेक्षा गंभीर होते.

हैदराबादच्या त्या व्यवहाराचे पडसाद त्याच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने पुन्हा उमटले. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाच्या खात्यातून लंडनमधील पाकिस्तानी उच्चायुक्तांच्या नावे सुमारे दहा लाख पौंड हलवण्यात आले होते. ते बँकेत गोठून राहिले आणि व्याजासह सुमारे साडेतीन कोटी पौंड झाले. ही रक्कम आपण पुरवलेल्या शस्त्रांच्या मोबदल्यात आली, असाही एक दावा पाकिस्तानने केला. त्या निमित्ताने कॉटनच्या उड्डाणांचा विषय पुन्हा न्यायालयासमोर आला. लंडनच्या उच्च न्यायालयाने २ ऑक्टोबर २०१९ रोजी हा दावा फेटाळला आणि पैसा निजामाचे वारस व भारत यांचा ठरवला.

कॉटनच्या चरित्राकडे पाहताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. १९३९ मध्ये त्याने विमानातून बंदुका उतरवल्या, कारण जमिनीवर काय आहे हे पाहणे त्याला महत्त्वाचे वाटले. त्या पाहण्याने युद्धाचे स्वरूप बदलले. १९४८ मध्ये त्याने विमानात बंदुका भरल्या आणि जमिनीवर काय आहे हे पाहणे सोडून दिले. ज्या मुलुखावरून त्याची विमाने जात होती, तेथील बहुसंख्य जनतेने कोणाबरोबर राहायचे याचा निर्णय केव्हाच घेतला होता. तो निर्णय सत्याग्रहींच्या तुरुंगवासात दिसत होता, सरहद्दीवरच्या छावण्यांत दिसत होता, ओस पडलेल्या गावांत दिसत होता. तो वाचण्यासाठी दहा किलोमीटर उंचीवरचा कॅमेरा लागत नव्हता.

बीड जिल्हा १९५६ मध्ये हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. चकलांब्यासारख्या गावांच्या स्मरणात सिडनी कॉटनचे नाव असण्याचे कारण नाही. तरीही मुक्तिसंग्रामाचा इतिहास लिहिताना हे नाव वगळता येत नाही. हा लढा किती दूरवरच्या बाजारांशी जोडलेला होता आणि त्या बाजारांची सारी विमाने व सारी शस्त्रे लोकांच्या निश्चयापुढे किती अपुरी ठरली, याची साक्ष त्याच्या आयुष्यात मिळते.